भोईर सरांचं काय करायचं

भोईर सरांना ठेवायचं की काढायचं हे ठरवायला आमच्या कॉलेजनं तिघांची समिती नेमली, तेव्हा त्या तिघांपैकी एकालाही ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यातली एक मी. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी अकाउंटन्सी शिकवायचे. नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती, आणि नव्या माणसाला जिमखाना, संमेलन, हरवलेल्या ओळखपत्रांची चौकशी असली कामं न विचारता मिळत. भोईर सर मला असेच मिळाले.

ते कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच होते. मूळचे अंबरनाथ पूर्वेच्या एका गावातले, शेतकरी घरातले. तरुणपणी जवळच्याच एका केमिकल कंपनीत लागले, कंपनीच्या संघातून लेफ्ट बॅक खेळले, आणि कंपनीला टाळं लागल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं आमच्याकडे मानधनावर आले. पन्नाशी उलटलेली, अंगानं आडवे, पोट सुटलेलं. ट्रॅक पँट ते छातीच्या जरा खाली बांधायचे. पायातल्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना रोज सकाळी खडू फासायचे, त्यामुळे ते जिथून जिथून जात तिथं जिन्यावर फिकट पावलं उमटत. प्राचार्यांच्या केबिनबाहेर ती जास्त दिसायची. संघ दर वर्षी हरायचा आणि सरांना दर वर्षी बोलावणं यायचं.

हरण्याबद्दल सरांना वाईट वाटायचं नाही, कारण आपण हरलो हे त्यांना कधी पटायचंच नाही. कल्याणच्या एका कॉलेजानं आमचा सहा-शून्य असा फडशा पाडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफ रूममध्ये त्यांनी आम्हाला हिशोब समजावून दिला.

"सहातले दोन गोल रेफ्रीचे. ते आपले नाय धरायचे. तीन नशिबाचे. बॉल पोराच्या गुडघ्याला लागून आत गेला, त्याला गोल म्हनत नाय. म्हनजे आपन खाल्ला किती? एक."

"आणि आपण केला किती?" फिजिक्सचे सावंत सर म्हणाले. सावंत सर जिमखान्याचे प्रमुख होते.

"आपन करायला गेलोच नाय. मैदान त्यांच्या बाजूनं कललेलं."

"पण हाफ टाइमनंतर बाजू बदलतात ना?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "बदलतात. तेव्हा वारा बदलला."

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, 'कंपनीत असताना'. कंपनीत असताना मैदानावर हिरवळ होती. कंपनीत असताना मॅचनंतर अंडी आणि दूध मिळायचं. कंपनीत असताना लेफ्ट बॅक पुढे गेला तर मॅनेजर स्वतः त्याला मागे बोलवायचा. त्या कंपनीच्या संघानं काय काय जिंकलं हे मात्र आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सावंत सरांनी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, "जिंकायला कंपनी खेळत नव्हती. कंपनी शिस्तीसाठी खेळायची."

शिस्तीवर सरांचा फार जीव. सरावाला शर्ट खोचलेला हवा, मोजे गुडघ्यापर्यंत हवेत, केस बारीक हवेत. एका वर्षी संघात एक बरा फॉरवर्ड आला होता, उल्हासनगरच्याच कॅम्प एक भागातला. त्यानं दिवाळीत केसांची पुढची बट सोनेरी करून घेतली. सरांनी त्याला उरलेला मोसम बाकावर बसवला. सगळ्या मॅचेस त्या पोरानं बाकावरून पाहिल्या आणि आम्ही सगळ्या हरलो. बट तोवर वाढून अर्धी काळी झाली होती. सर म्हणाले, "बघा, सुधारला."

तरीही हे सगळं चालून गेलं असतं. आमच्या कॉलेजात ह्याहून कमी काम करणारी माणसं कायम नोकरीत होती आणि वर्गात बसून डुलक्या काढत होती. पण ट्रस्टच्या अध्यक्षांच्या मनात एकदम कप शिरला. अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. पडद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडाचा मोठा धंदा, सिंधी बाजारात वजन. एका लग्नात त्यांना दुसऱ्या कॉलेजचे ट्रस्टी भेटले आणि त्यांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात किती कप आहेत ते सांगत बसले. दादा तडक प्राचार्यांकडे आले.

"साईं, अपने कपाट में क्या है?"

प्राचार्य म्हणाले, "दादा, कपाट आहे."

त्या कपाटात तेव्हा जुन्या उत्तरपत्रिका होत्या. आठवड्याच्या आत समिती झाली. सावंत सर, मी आणि दादांचा पुतण्या विकी. विकी बाहेरून मॅनेजमेंट शिकून आला होता, फर्निचरचं शोरूम चालवायचा, आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या दृष्टीनं शोरूम होती. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे. माझा सेल्समन तीन साल में एक सोफा नाही विकला, तर मी त्याला ठेवणार काय?"

"मग काढायचं?" मी विचारलं.

"नाही नाही, पहले ऑब्झर्व्ह करू. प्रोसेस पाहिजे ना."

सावंत सरांनी आम्हा दोघांकडे बघून मान हलवली. ते कधीच काही ठरवत नसत. चहा घ्यायचा की कॉफी हेही ते समोरच्याला विचारून घेत.

भोईर सरांना समितीचा राग आला नाही. उलट शेवटी कुणीतरी फुटबॉल समजून घ्यायला आलं ह्याचा त्यांना आनंद झाला. त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि खेळ शिकवायला घेतला. त्या दिवशी दाल पकवान होतं, म्हणजे डाळ आणि सोबत कडक तळलेली मोठी पुरी. सरांनी एक मोठं पकवान ताटलीत ठेवलं आणि म्हणाले, "हे मैदान." बडीशेपेचे दाणे आमचे खेळाडू, साखरेचे दाणे समोरचे. कांद्याचा तुकडा बॉल. ऑफसाइड समजावायला त्यांनी साखर पुढे सरकवली, बडीशेप मागे घेतली, आणि बोटानं रेषा ओढणार तेवढ्यात विकीनं बोलता बोलता पकवानाचा कोपरा मोडून तोंडात टाकला.

सर थांबले. "तुम्ही आमचा गोलकीपर खाल्ला."

"सॉरी सर. दुसरा घ्या ना."

"दुसरा नाय," सर गंभीरपणे म्हणाले. "आपल्याकडं एकच हाय."

पकवान संपलं आणि ऑफसाइड राहून गेलं.

त्या मोसमातल्या विद्यापीठाच्या सामन्यांना समितीनं हजर राहायचं होतं. एकदा हरलं की बाहेर, अशी स्पर्धा. पहिली मॅच उल्हासनगरातच एका भिंत घातलेल्या मैदानावर होती. सर मॅच कशी चालवतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि संघ का हरतो ते फुटबॉल न कळताही कळलं.

सर बसत नसत. रेषेच्या कडेनं बॉलबरोबर धावत आणि ओरडत. "दे! देऊ नको! अरे दे ना! कुनी सांगितलं द्यायला?" हे सगळं एकाच पाससाठी. पोरांची अवस्था अशी की बॉल पायात आला की ती आधी सरांकडे बघत. तोवर समोरचा येऊन बॉल घेऊन जाई. गोलकीपर हरेश तर बॉल येत असताना सरांकडे बघायचा, कारण उडी डावीकडे मारायची की उजवीकडे हेही सर सांगत. पंधरा मिनिटांत एक गोल खाल्ला. त्या वेळी सर "उजवीकडे" म्हणाले होते. त्यांची उजवी की हरेशची, हा घोटाळा झाला.

मग एक थ्रो-इन समोरच्यांना मिळाला. तो आपला होता असं सरांचं म्हणणं. ते सरळ मैदानात शिरले. रेफरी तिशीतला, बारीक, शांत माणूस होता. त्यानं दोनदा बाहेर जायला सांगितलं. सर म्हणाले, "कंपनीत असताना तुमच्यासारख्या रेफ्रीला आम्ही चहा आनायला पाठवायचो."

रेफरीनं खेळ थांबवला आणि त्यांना फाटकाबाहेर काढलं. नुसतं रेषेबाहेर नाही, भिंतीबाहेर.

सर बाहेरूनही ओरडत होते. भिंतीवर त्यांचा हात दिसायचा, कधी टाळकं. पण शेजारी जीन्स धुण्याचा कारखाना होता आणि त्याची मशिनं चालू होती, त्यामुळे आवाज कुणापर्यंत पोचेना. पोरं आधी सवयीनं कडेला बघायची. तिथं मी, सावंत सर आणि विकी बसलो होतो. आम्हाला बघून काही मार्गदर्शन होणं शक्य नव्हतं. हळूहळू त्यांनी बघणं सोडलं. कॅप्टन प्रमोद साळवे, बदलापूरच्या शिरगावचा सडसडीत मुलगा, मध्यावर खेळायचा. तो एकेकाला हळू आवाजात काहीतरी सांगत होता. हाफ टाइमनंतर एक गोल त्यानं स्वतः केला, दुसरा करवला. आम्ही दोन-एक जिंकलो.

शिटी वाजली, फाटक उघडलं. सर आत आले, घामानं भिजलेले, बुटांचा खडू उतरलेला.

"किती खाल्ले?" त्यांनी मला विचारलं.

"जिंकलो सर."

"हां, पन खाल्ले किती?"

"सर, आपण जिंकलो. दोन-एक."

ते पाण्याच्या पिंपावर बसले. पोरं एकमेकांना उचलून नाचत होती. थोड्या वेळानं पोरांच्या लक्षात आलं आणि ती त्यांना उचलायला आली, पण ते उचलले गेले नाहीत.

दुसऱ्या मॅचला सर वेगळेच वागले. पहिली दहा मिनिटं तोंडात रुमाल धरून उभे होते. पहिला कॉर्नर मिळाला आणि रुमाल पडला. "हेड! हेड कर!" पोरांच्या माना परत त्यांच्याकडे वळल्या. लगेच एक गोल खाल्ला. सरांनी खाली पडलेला रुमाल उचलला, घडी करून खिशात ठेवला, पँट वर ओढली आणि चालत चालत मैदानाच्या मधोमध रेफरीपाशी गेले. काही घडलंच नव्हतं, थ्रो नाही, फाउल नाही. ते म्हणाले, "तुमाला शिटी कुनी दिली?"

ह्या वेळचा रेफरी वयस्कर होता. त्यानं दुर्लक्ष केलं. सरांनी प्रश्न परत विचारला, मोठ्यानं. मग त्याच्या चष्म्याबद्दल बोलले. मग त्याच्या गुरुजींबद्दल. तिसऱ्याला त्यानं फाटकाकडे बोट केलं. सर अजिबात न भांडता निघाले. जाताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "मॅडम, चालू द्या."

तीन-एक जिंकलो.

मी त्यांना नंतर विचारलं, "सर, एवढं करण्यापेक्षा तुम्ही घरीच राहिलात तर?"

"मानधन घेतो ना मॅडम. हजर राहायला नको?"

ते चेष्टेत बोलत होते की मनापासून, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

ह्या दोन विजयांनी कॉलेजात वातावरण बदललं. फळ्यावर अभिनंदन लागलं, 'श्री. भोईर सर यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली'. कपाटातल्या उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या. दादांनी दुकानातल्या लाल मखमलीचा एक तुकडा कपाटात अंथरायला पाठवून दिला.

त्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये प्रमोद माझ्याजवळ आला. तो शेवटच्या वर्षाला होता, माझ्या वर्गातला. समितीत मी आहे हे पोरांना माहीत होतं.

"मॅडम, सरांचं काय ठरलं?"

"तुला काय वाटतं?"

तो खाली बघून बोलला. "माणूस चांगलाय मॅडम. माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा रोज येऊन बसायचे हॉस्पिटलला. पण ते असतील तोपर्यंत आमचं काय होणार नाही."

"आता जिंकताय की."

"ते बाहेर असतात म्हणून." मग जरा थांबून म्हणाला, "मागच्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या ट्रायल होत्या. कॉलेजनं नाव पाठवायचं असतं. सरांनी माझं पाठवलंच नाही. म्हणाले, तू अजून कच्चा आहेस. ह्या वर्षीपण तेच म्हणाले. मॅडम, युनिव्हर्सिटी खेळलेला असला ना, तर स्पोर्ट्स कोट्यात नोकरी लागते. निदान कॉल येतो."

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते म्हणाले, कंपनीत असताना..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तोवर मला भोईर सरांची गंमत वाटत होती. घरी, बदलापूरच्या बेलवलीला, मी त्यांच्या नकला करायचे आणि माझे वडील हसून हसून खोकायचे. त्या दिवसानंतर नक्कल करावीशी वाटेना.

तिसरी मॅच उपांत्य फेरीची. कल्याणचंच ते सहा गोलवालं कॉलेज, आणि रेफरी पहिल्या मॅचचा, तो शांत माणूस. सरांनी त्याला पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं असावं. पण कल्याणचा कोच हुशार निघाला. मॅचआधी तो रेफरीशी बराच वेळ बोलत होता. सर आठव्या मिनिटाला मैदानात शिरले आणि त्यांनी चहाचं वाक्य टाकलं. रेफरी हसला.

"भोईर साहेब, आज काहीही बोला. मी तुम्हाला बाहेर काढणार नाही. त्यांच्या कोचनी खास विनंती केली आहे."

सरांनी प्रयत्न सोडले नाहीत. चष्म्याचं बोलावं तर ह्या रेफरीला चष्मा नव्हता, तरी बोलले. घरच्यांबद्दल बोलले. एकदा बॉलवरच जाऊन बसले. रेफरीनं त्यांना हाताला धरून प्रेमानं रेषेबाहेर आणून उभं केलं. आणि एकदा रेषेवर उभे राहिले की सरांच्या तोंडाला कुलूप लागणं अशक्य होतं. "दे! देऊ नको!" सुरू झालं. चार-शून्य हरलो.

जाताना मी त्यांच्या हिशोबाची वाट बघत होते. ह्या वेळी त्यांनी काही वजा केलं नाही.

निर्णयाची बैठक प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. दादा स्वतः आले होते. मला वाटलं होतं की चार-शून्यनंतर सरांचं काही खरं नाही. पण उपांत्य फेरी हा शब्द दादांना आवडला होता.

"सेमीफायनल पहुंचा ना? बंदा अच्छा है. रखो. शाल ओढाओ."

विकी म्हणाला, "मॅडम, ग्राफ बघा ना. झीरो, झीरो, झीरो, आणि मग डायरेक्ट सेमी. ट्रेंड वर आहे." त्यानं हातानं ट्रेंड दाखवला.

सावंत सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ठाम मत दिलं. "ठेवावं. संमेलनाचा मांडव त्यांच्या भावकीतल्या माणसाकडून येतो, निम्म्या भाड्यात. टेम्पोसुद्धा. शिवाय ते गेटवर उभे राहिले की बाहेरची पोरं आत येत नाहीत."

"आणि फुटबॉल?" मी विचारलं.

 प्राचार्यांनी पंख्याकडे बघितलं.

मी सांगितलं की माझं मत काढावं असं आहे. पोरं त्यांच्याशिवाय जिंकतात आणि त्यांच्यासकट हरतात, हे तिघांनीही पाहिलं आहे. आणि ट्रायलचं सांगितलं. प्रमोदचं नाव न घेता सांगितलं, पण सगळ्यांना कळलं. दादा म्हणाले, "बेटी, एक लडके के लिए इतना क्या." सावंत सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "एकमतानं लिहूया का? बरं दिसतं." मी नाही म्हणाले. दोनास एक, भोईर सर राहिले.

दुपारी ते स्टाफ रूममध्ये आले. दुसरं कुणी नव्हतं. दाराशीच उभे राहून त्यांनी विचारलं, "मॅडम, मांडवाचं आनि ग्राफचं कळलं. तुमचं मत काय पडलं?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण ते समोर उभे होते. "काढावं, असं पडलं."

ते आत येऊन बसले. रागावले नव्हते. "ओरडतो म्हनून?"

"ओरडता हे आहेच. पण प्रमोदचं नाव तुम्ही पाठवलं नाहीत सर. दोन वर्षं."

"कच्चा हाय तो. तिकडं मोठमोठी पोरं येतात. उभं करनार नाय कोन." मग ते जरा वेळ टेबलावरच्या हजेरीपटांकडे बघत बसले. "मलापन पाठवलेला एकदा. जिल्ह्याच्या ट्रायलला. तालुक्यातनं एकटा मी. त्यांनी माझे बूट बघितले, उसने होते, एक मोठा एक छोटा. म्हनले, तू बॉल आनून द्यायला थांब. दिवसभर बॉल आनून दिले. घरी येऊन सांगितलं, पायाला लागलं म्हनून नाय घेतला. अजून घरी तेच ठाऊक हाय सगळ्यांना. त्या पोराला तसलं कशाला दाखवायचं?"

मला त्यांची दया आली, आणि त्या क्षणी दया दाखवली तर प्रमोदवर अन्याय होईल हेही दिसत होतं.

मी म्हटलं, "पण सर, तुम्हाला पाठवला तरी होता."

  ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेले.

सत्कार पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये झाला. दादांच्या हस्ते शाल, नारळ. सरांनी त्या दिवशी ट्रॅक पँट नाही, तर लग्नाकार्याचा सफारी घातला होता. माइक हातात आल्यावर ते कंपनीत असतानाचं बरंच काही बोलले, पोरं मागून शिट्ट्या वाजवत होती, प्राचार्य घड्याळ बघत होते. शेवटी ते म्हणाले, "माझ्यावर समिती नेमली होती. तीन मतं पडली. दोन मतं मांडवाला आनि ग्राफला पडली. फुटबॉलला एकच पडलं. मी फुटबॉलचा कोच हाय. तेव्हा मी ते एक मत धरतो. आजपासून येनार नाय. नमस्कार."

सगळ्यांना तो विनय वाटला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा सर्वांत जोरात वाजवत होते. त्यांचा मराठीचा आवाका एवढ्या वेगाला पुरत नसे. फक्त सावंत सर हातातला हार तसाच धरून माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "अहो, मग मांडव?"

सर खरंच आले नाहीत. दोन दिवस वाट बघून प्राचार्यांनी माणूस पाठवला, तर ते भाताच्या खाचरात होते. माणसाला ताक पाजून परत पाठवलं. मांडवाला त्या वर्षी पूर्ण भाडं पडलं.

नवा कोच आला. पदविका वगैरे घेतलेला, गोरागोमटा, मोबाइलवर बोलत बोलत सराव घ्यायचा. ओरडायचा नाही. आम्ही शांतपणे हरू लागलो. पण नावं पाठवायची तर तो सगळ्यांचीच पाठवून द्यायचा, एवढं होतं. प्रमोदनं एम.कॉम.ला प्रवेश घेतला होता, त्याचं नाव गेलं. तो ट्रायलला गेला आणि दुसऱ्या फेरीत गळला. मला सांगायला आला तेव्हा उन्हानं काळा पडलेला होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"लय भारी पोरं होती मॅडम. एक तर असा होता, त्याच्याकडनं बॉल काढताच येईना." आणि तो त्या पोराबद्दलच अर्धा तास बोलत राहिला. नोकरी त्याला कोट्यातून लागली नाही. शिरगावात त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं, बरं चालतं. म्हणजे भोईर सर म्हणाले होते ते बरोबर होतं, पोरगा कच्चाच होता. मी माझ्या मताबद्दल त्यानंतर बराच विचार केला. मत बदललं नाही.

सर मला त्यानंतर एकदाच भेटले. अंबरनाथला एका लग्नाच्या लॉनवर. मी वराकडून होते, एका सहकाऱ्याच्या भाच्याचं लग्न. तिथं गेल्यावर कळलं की वधू त्यांची मुलगी. लॉनच्या तोंडाशी ते आणि त्यांचे व्याही शेजारी शेजारी फेटे बांधून उभे होते. सर वाळले होते, फेटा जरा मोठा होत होता. मला बघताच त्यांनी रांगेतली चार माणसं बाजूला सारली.

मला वाटलं, आता काही टोमणा येणार. त्यांनी व्याह्यांचा दंड धरून त्यांना माझ्यापुढे आणलं.

"ह्या जाधव मॅडम. कॉलेजच्या. ह्यांनीच मला काढला."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, मीच हे स्थळ जुळवलं. व्याही सज्जन गृहस्थ होते, कुठल्यातरी बँकेतून निवृत्त झालेले.  त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि हात जोडून म्हणाले, "बरं झालं."

"झालंच," भोईर सर म्हणाले, आणि मला जेवणाच्या पंगतीकडे घेऊन गेले.